आईची कवळी, राजारामपुरी: पैसे कशाचे घेतात आणि ते कसे दिले

आईला वरची-खालची पूर्ण कवळी करून घेतली, त्याला आता वर्ष होत आलं. दवाखाना राजारामपुरीत, मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खुर्च्यांचा. डॉक्टर बाई एमडीएस, त्याही कवळी-कॅप-ब्रिज याच विषयातल्या, म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिस्ट. पाचपैकी चार तारे देतो. एक का कापला ते पुढे येईलच. पण आधी पैशांचं बोलतो, कारण कोल्हापुरात चार ठिकाणी विचारलं की चार आकडे कानावर येतात आणि त्या आकड्यात काय धरलंय, काय नाही, हे आपणहून कुणी सांगत नाही.

पहिला आकडा 4,500 चा. दोन दिवसांत कवळी हातात, एका ओळखीच्यानं पत्ता दिला होता. डॉक्टरची पदवी भिंतीवर दिसली नाही, आम्ही परत फिरलो. अशा ठिकाणी बऱ्याचदा थंड ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, वापरतात. ते तापवून शिजवत नाहीत, जागीच घट्ट होतं, आणि त्यात उरलेलं रसायन हिरड्यांना झोंबतं. काही जण तर उरलेल्या दातांना तार गुंडाळून कवळी कायमची चिकटवून टाकतात. खाली अन्न कुजतं आणि धडके दातही जातात. शेजारच्या एका काकांचे असे दोन दात गेलेले मी पाहिलेत, म्हणून हे कळकळीनं लिहितोय. साडेचार हजाराच्या मोहात कुणी पडू नका.

दुसरीकडे 12,000 सांगितले, "सगळं धरून". सगळं म्हणजे काय, असं विचारल्यावर दात काढण्याचे पैसे वेगळे, एक्स-रे वेगळा आणि बसवल्यावर कवळी टोचेल तिथं दोनदा घासून देणार, पुढं दर वेळेला तीनशे, असं एकेक बाहेर आलं. तिसरा आकडा या राजारामपुरीच्या दवाखान्याचा, 24,000. आणि याच डॉक्टरांनी चौथा पर्यायही सांगितला: खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, घालून त्यावर कवळी अडकवायची, त्याचे 95,000. आईला साखर आहे, वय 71, हाड किती शिल्लक आहे ते आधी तपासावं लागलं असतं, आणि एवढे पैसे एकदम बाहेर काढणं आम्हाला शक्य नव्हतं. बाईंनी त्यासाठी एका शब्दानंही आग्रह धरला नाही, याचं मला बरं वाटलं.

24,000 पटले ते कागदामुळे. बाईंनी लेटरहेडवर लिहून दिलं: उष्णतेवर शिजवलेलं, सहसा न तडकणारं ॲक्रिलिक, दातांचा संच कुठल्या कंपनीचा, मापं दोनदा, मेणावर ट्रायल, बसवल्यानंतर वर्षभर घासून देणं मोफत. वेगळे पैसे कशाचे तेही त्याच कागदावर: राहिलेले चार दात काढायचे प्रत्येकी 600, संपूर्ण जबड्याचा एक्स-रे 500, आणि वर्षा-दीड वर्षानं आतून अस्तर भरावं लागलं तर 3,500. म्हणजे अस्तर सोडून आमचे कागदावर झाले 26,900. अस्तराची गोष्ट बाकी कुणीच काढली नव्हती. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, त्यामुळं आज घट्ट बसलेली कवळी पुढं सैल होणारच. हा खर्च अटळ असतो, फक्त तो आधी सांगणारे कमी.

मी उद्यमनगरात पॅटर्न शॉप चालवतो. फौंड्रीला लाकडाचे, ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात ते नमुने, करून देणं हा माझा धंदा. त्यामुळं कवळीचं काम मी खुर्चीशेजारी उभा राहून डोळे भरून बघितलं, आणि पैसे कुठं जातात ते तिथं समजलं. दात काढल्यावर हिरड्या भरायला जवळजवळ तीन महिने थांबवलं. मग पहिलं माप तयार साच्यात. त्या मापावरून आईच्या जबड्यापुरता खास ट्रे बनवला. दुसऱ्या मापाला बाईंनी हिरव्या रंगाची कांडी दिव्यावर मऊ केली, ट्रेच्या काठावर लावली, तोंडात घातली आणि बाहेरून गाल ओढत, ओठ हलवत, "मावशी, जीभ बाहेर काढा, आता डावीकडं," असं करत काठ घडवला. थोडा थोडा भाग, परत दिवा, परत तोंडात. गाल आणि जीभ हलताना कवळी उचलू नये म्हणून ही सगळी खटपट. मग लवंगेच्या वासाची पेस्ट भरून शेवटचं माप. एका जबड्याला अर्धा-पाऊण तास गेला. बारा हजारवाल्यांकडं माप एकदाच घेणार होते.

नंतरच्या फेरीला मेणाचे कठडे तोंडात बसवून दोन जबड्यांमधलं अंतर ठरवलं. "आवंढा गिळा. आता साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणा." साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणताना वरचे-खालचे कठडे एकमेकांवर आपटत नाहीत ना, एवढंच त्या ऐकत होत्या. अंतर जास्त ठेवलं की बोलताना दात खटखट वाजतात, कमी ठेवलं की तोंड मिटल्यावर नाक आणि हनुवटी जवळ येऊन चेहरा बसका दिसतो.

आणि ट्रायल. मेणात रोवलेले दात आईनं आरशात बघितले आणि स्पष्ट सांगितलं, "लई पांढरं हायती. हे माझं न्हवंत." बाईंनी जुना फोटो मागवला होता, धाकट्याच्या लग्नातला, आई खळखळून हसलीय असा. त्यावरून एक छटा गडद दात घेतले, आणि समोरचा एक दात मूळचा होता तसा किंचित तिरका बसवला. आठवड्यानं दुसरी ट्रायल, वेगळे पैसे न घेता. ट्रायलपर्यंत सगळं मेणातच असतं, दात मागं-पुढं करता येतो, रंग बदलता येतो. तुम्ही हो म्हटलंत की लॅबमध्ये तो मेणाचा जबडा प्लास्टरमध्ये पुरतात, गरम पाण्यानं मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत ॲक्रिलिक दाबून शिजवतात. आमच्याकडं साच्यात एकदा धातू ओतला की पॅटर्नमधली चूक कास्टिंगमध्ये उतरतेच, इथंही अगदी तसंच. तेव्हा ट्रायलच्या दिवशी घाई करू नका, घरातलं कुणीतरी सोबत न्या, आणि पेशंटला स्वतःच्या तोंडानं "चालंल" म्हणू द्या. ट्रायलच नसेल तर ते काम घेऊ नका.

आता पैसे देण्याचं. आईचं पहिलं वाक्य होतं, "ह्या वयात माझ्या तोंडात एवढं पैसं कशाला घालायलायस?" तिला एवढंच सांगितलं की पैसे एकदम जाणार नाहीत. बाईंनी तीन टप्पे करून दिले: 8,000 मापं सुरू करताना, 8,000 ट्रायल पसंत पडल्यावर, 8,000 कवळी बसवताना. मला ही पद्धत सगळ्यात न्याय्य वाटली. काम जेवढं पुढं सरकतं तेवढाच पैसा पुढं सरकतो, आणि ट्रायल पसंत पडेपर्यंत दोन तृतीयांश रक्कम आपल्याच खिशात असते.

काउंटरवर फायनान्स कंपनीचं कार्डही होतं, सहा हप्ते, 4,000 चा एक, "बिनव्याजी". नीट विचारलं तर प्रोसेसिंग फी 700, आणि थेट पैसे देणाऱ्याला मिळणारी हजाराची सूट त्यात मिळत नाही. म्हणजे ते बिनव्याजी कर्ज 1,700 रुपयांना पडतं. शिवाय सगळी रक्कम दवाखान्याला आधीच पोचते आणि काम रखडलं तरी हप्ता कापला जातोच. ज्याच्याकडं खरंच दुसरा मार्ग नाही त्यानं जरूर घ्यावं, पण ही बेरीज करून घ्यावं. आम्ही थेट दिले, म्हणून त्या 26,900 मधले हजार वाचले.

विम्याचंही सांगतो, कारण मला हे बरेच जण विचारतात. माझ्या घरच्या मेडिक्लेमच्या कागदात दातांचे उपचार अपघात सोडून वगळलेले आहेत, आणि बहुतेक पॉलिसींत असंच असतं. सत्तरीच्या वरच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड आईकडं आहे. ते दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी उपयोगाचं, कवळीला चालत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना 3,000 रुपये खात्यावर मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर, पण त्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कंबरेचा पट्टा असं आहे, कवळी नाही. 2017 पासून चालू असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत मात्र कवळी आहे. ती दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या, साठीपुढच्या लोकांसाठी, एलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून. तुमच्या तालुक्यात शिबिर लागलं तर तपासणीला कवळीचं नाव काढाच, कारण तिथं लोक काठी आणि कानाचं यंत्र मागतात आणि परत येतात. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घराघरांत माजी सैनिक. त्यांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून कवळीचा खर्च मिळू शकतो, आधी योजनेच्या पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांची शिफारस घ्यायची. आणि हे काहीच जमत नसेल तर नवे पारगावचं तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खासगीपेक्षा बराच कमी, फेऱ्या जास्त. वेळ आहे आणि पैसा नाही अशा घरासाठी मी आधी तेच सुचवेन.

एक बारीक पण कामाची गोष्ट. आईच्या नावावर आरोग्य विमा नाही, म्हणून सीएनं हा खर्च माझ्या आयकर विवरणपत्रात कलम 80डी खाली दाखवला. विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या औषधोपचाराला 50,000 पर्यंत वजावट मिळते, फक्त जुन्या करप्रणालीत, आणि पैसे रोख दिलेले नसावेत. म्हणून तिन्ही टप्पे यूपीआयनं दिले आणि तिन्ही पावत्या घेतल्या.

एक तारा कापला तो जिन्यामुळं आणि वेळेमुळं. जिना अरुंद, लिफ्ट नाही, आणि दातांची कवळी करायला येणारा माणूस बहुतेक गुडघेदुखीचाच असतो. दिलेल्या वेळेला नंबर कधीच लागला नाही, तास-तासभर बाकावर बसावं लागलं. हे मी बाईंच्या तोंडावर बोललोय.

वापराचं म्हणाल तर वरची कवळी पहिल्या दिवसापासून टाळूला धरून बसली. खालचीनं महिनाभर छळलं. तिला धरायला जागा कमी आणि जीभ सारखी हलती. दोन ठिकाणी हिरडीला घासून फोड आला, बाईंनी खूण करून तेवढाच भाग घासून दिला, पैसे नाहीत. सुरुवातीला भात-आमटी, मग दुधात कुस्करलेली भाकरी, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चावायचं. बोलणं सुटं व्हावं म्हणून आई सकाळी पेपर मोठ्यानं वाचायची. आता भाकरी कुस्करत नाही, मटणाचा तुकडाही बारीक करून दिला की चावते. पेरूला हात लावत नाही. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात, गरम पाण्यात कधीच नाही, आकार जातो. टूथपेस्टनं घासायची नाही, ओरखडे उठतात. मऊ ब्रश आणि साधा साबण.

खालची परत सैल वाटायला लागलीय, तेव्हा दिवाळीनंतर अस्तराचे ते 3,500 भरायचे आहेत. तुम्ही जाणार असाल तर संध्याकाळी गर्दी असते, सकाळची वेळ मागा. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दात काढायच्या आधीच सांगा.