ओटीपीसाठी टेकाडावर चढायचं आता बंद: आमच्या बँकेच्या नव्या लॉगिनला साडेतीन स्टार

बँकेचं नाव लिहीत नाही, शाखेतली माणसं चांगली आहेत आणि रोज तोंड बघायचं असतं. बेळगावात शहापूरला आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, करंट खातं माझं, सेव्हिंग बाबांचं, दोन्ही एकाच बँकेत. बाबा राहतात गावाकडं, खानापूर तालुक्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला गेलं की आत. घरात केबलवाल्याचं फायबर घेतलंय, लाईट गेली तर आमच्याच दुकानातला इन्व्हर्टर आहे, म्हणजे इंटरनेट पक्कं, पण मोबाईलला रेंज म्हणाल तर औषधाला नाही.

तर जुनं लॉगिन कसं होतं, युजरनेम टाका, पासवर्ड टाका, मग एसेमेसनं ओटीपी. दुकानात बसून काय प्रॉब्लेम नाही, पण बाबा मोबाईल घेऊन घरामागच्या काजूच्या टेकाडावर चढणार, तिथं एक कांडी रेंज मिळाली की तीन ओटीपी एकदम टपाटप पडणार, त्यातला शेवटचा कुठला ते कळत नाही आणि खाली उतरून घरातल्या लॅपटॉपवर टाकेपर्यंत त्याची पण मुदत संपलेली. पावसात तर बोलायलाच नको, एका हातात छत्री, एका हातात मोबाईल. एकदा फोनवर मला म्हणाले, "अरे, शेजारच्याला वाटूलालंय म्हातारा काजू राखायला बसलाय."

आता ह्या बँकेनं अ‍ॅपमध्येच कोड द्यायला चालू केलाय. अ‍ॅप उघडा, एमपिन म्हणजे अ‍ॅपचा गुप्त आकडा टाका, सहा आकडी कोड दिसतो, तीस सेकंदानं बदलतो. नेट बँकिंगमध्ये पासवर्डनंतर तो टाकायचा, एसेमेसची गरजच नाही. मी दुकानात मुद्दाम मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून बघितलं, तरी कोड येतोय आणि चालतोय. कारण सेटिंग करताना बँक एक गुप्त किल्ली आपल्या मोबाईलमध्ये ठेवते, तीच बँकेकडं पण असते, मग ती किल्ली आणि घड्याळातली वेळ ह्या दोन्हीवरून दोघं आपापल्या जागी तोच आकडा काढतात, हवेतून काही यावं लागत नाही. बाबांसारख्या माणसाला ह्याच्यापेक्षा चांगली सोय नाही, ह्या एका गोष्टीला मी पाच स्टार देतो.

पण ते चालू करताना आमचा जीव निघाला. अ‍ॅप पहिल्यांदा चालू करताना नोंदणी केलेल्या सिमवरून आपोआप एक एसेमेस बँकेला जायला लागतो, म्हणजे सिम ह्याच मोबाईलमध्ये आहे हे त्यांना कळतं. बरोबर आहे, सिक्युरिटीसाठी पाहिजेच. पण गावात रेंज नाही, म्हणून बाबांना घेऊन जांबोटी स्टँडवर आलो, तिथं रेंज आहे तर एसेमेस जाईना, का तर रिचार्ज संपलेला. रिचार्ज मारला तर अ‍ॅप दुसऱ्या सिमवरून पाठवायला बघूलालंय, मग ते सिमच काढून खिशात टाकलं. स्क्रीनवर काय येतं? "काहीतरी चूक झाली, नंतर प्रयत्न करा." काय चूक, कुठं चूक, काही नाही. रिचार्ज नाही एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर आमचा अर्धा दिवस वाचला असता.

एवढं सगळं करून घरी आलो तर बाबांचा कोड चुकीचा. परत टाकला, परत चुकीचा. तिसऱ्यांदा चुकला आणि खातं लॉक. दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो, तिथला पोरगा चांगला, त्यानं काउंटरवरून विचारलं, "ओटीपी बंतेन्री?" म्हणजे ओटीपी आला काय. मी म्हटलं बंतु की, आला, पण चालेना. त्यानं मोबाईल हातात घेतला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि हसायला लागला. बाबांच्या मोबाईलमधली वेळ दहा मिनिटं पुढं! सकाळची वस्तीची बस चुकू नये म्हणून बाबा घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं ठेवतात, भिंतीवरचं, मनगटातलं, आणि तसंच मोबाईलचं पण, वेळ स्वतः हातानं सेट केलेली. बँकेचा सर्व्हर आपल्या वेळेनं आकडा काढणार आणि बाबांचा मोबाईल दहा मिनिटं पुढचा, जुळणार कुठनं. सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक वेळ चालू केली आणि एका मिनिटात काम झालं. आता हे अ‍ॅपला कळायला नको काय? वेळ जुळत नाही म्हणून सांगायला किती लागतंय?

लॉक काढायचा प्रकार तर त्याच्याहून भारी. बाबांचं खातं २०११ चं, तेव्हा कुणीतरी सिक्युरिटी प्रश्न भरला होता, जन्म कुठल्या गावात. बाबांचा जन्म शहरातला, म्हणून आम्ही लिहिलं बेळगाव, इंग्रजीत, आत्ताच्या स्पेलिंगनं म्हणजे बेलगावी. चूक. मग डोक्यात आलं की सरकारनं नाव बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला, खातं त्याच्या आधीचं, तर जुनं बेलगाम टाकलं आणि उघडलं. पण मला सांगा, असला प्रश्न सिक्युरिटी म्हणायचा काय? बाबांचा जन्म कुठला हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, चोराला पण दोनच स्पेलिंग ट्राय करायचे. पुढच्या दाराला नवीन कुलूप आणि मागच्या दाराला नुसती कडी.

बोटाच्या ठशाची मी एक परीक्षा घेतली. माझ्या मोबाईलमध्ये बायकोचं बोट नवीन नोंदवलं आणि तिला बँकेचं अ‍ॅप उघडायला सांगितलं. उघडलं नाही, ठसे बदललेत म्हणून परत एमपिन मागितला. हे एकदम बेस. बायको म्हणाली, "एवढं पैसे तरी हाईत काय आत?" असो.

भाषेचं म्हणाल तर अ‍ॅपमध्ये कन्नड, इंग्रजी, हिंदी आहे, मराठी नाही. बाबांना कन्नड बोलायला येतं, वाचायला येत नाही, म्हणून हिंदी ठेवलंय, पण धोक्याच्या सूचना असलं हिंदीत लिहिलेत की हिंदीवाल्याला पण कळायची नाहीत. सावध करायचं असेल तर माणसाला कळेल असं तरी लिहा की.

आता हा अ‍ॅपचा कोड आला म्हणून निवांत झोपू नका. एसेमेसचा ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या खोट्या केवायसीच्या एपीके फाईलनं चोरता येतो, ती फाईल टाकली की ती आपले मेसेज वाचते, तो धोका ह्यानं कमी होतो. पण कोड फोनवर कुणाला वाचून दाखवला किंवा खोट्या साईटवर टाकला तर त्या तीस सेकंदात तो माणूस आत जाऊ शकतो. आणि रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात सरळ आहे, आपणच कोड दिला तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलं, तक्रार नोंदवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे एकेक मिनिट महत्त्वाचं, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन आधी लावायचा, रडत बसायचं नंतर. साईट पण बघून उघडा, बँकांना आता पत्त्याच्या शेवटी डॉट बँक डॉट इन ठेवायला लावलंय.

ह्या बँकेचा अजून एक दोष, अ‍ॅपचा कोड चालू केला तरी "एसेमेसनं पाठवा" हे बटण खाली तसंच राहतं, बंद करायची सोय नाही. म्हणजे चोराला पाहिजे तर तो जुन्याच वाटेनं येणार. मी दोनदा लिहून कळवलंय, "आपला अभिप्राय मोलाचा आहे" एवढंच आलंय.

ज्यांचं खातं २०१४ च्या आधीचं आहे त्यांनी गावाचं स्पेलिंग आधी जुनं टाकून बघा. आणि बाबांनी मोबाईलची वेळ आता बरोबर ठेवलीय, पण भिंतीवरचं घड्याळ अजून दहा मिनिटं पुढंच आहे, त्याला हात लावू देत नाहीत.