फर्नांदिना बेटावरचा एक दिवस: आधी भरती-ओहोटी बघा

प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी फर्नांदिनावर पर्यटकांना उतरायला एकच जागा आहे, बेटाच्या ईशान्य टोकाची पुन्ता एस्पिनोसा. मुक्कामी बोटीच्या पश्चिमेकडच्या फेरीत ती येते. फेरी निवडताना केबिनचे फोटो नंतर बघा. किनाऱ्यावर कधी उतरवणार आणि तेव्हा भरती असेल की ओहोटी, हे आधी विचारा.

सकाळी लवकर उतरलात तर सागरी इग्वाना (समुद्रात पोहणारे मोठे सरडे) एकमेकांवर पाय टाकून शेकडोंनी ऊन खात पडलेले असतात. अंग तापेपर्यंत ते फारसे हलत नाहीत, फोटो निवांत मिळतात. अधूनमधून फिस्स करून नाकातून खारट फवारा सोडतात. अंगातलं जादा मीठ टाकायची ती सोय. डोक्यावरचा पांढरा थर त्याचाच. लेन्स पुसायचं कापड खिशात हवंच. ओहोटीला माद्या आणि लहान इग्वाना उघड्या खडकांवरचं शेवाळ खरवडतात, मोठे नर बुडी मारतात. पूर्ण भरतीत मात्र पायवाटेचा काही भाग पाण्याखाली जातो आणि फेरी आखडती घ्यावी लागते.

खरा मानकरी पाणकावळा. ही न उडणारी जात जगात फक्त फर्नांदिना आणि शेजारच्या इसाबेलाच्या किनाऱ्यावर आहे. उडता येत नसलं तरी पाण्यातून आला की ते विरविरीत, खुरटे पंख उन्हात पसरून उभा राहतो. नर चोचीत समुद्री शेवाळ आणून घरट्यावरच्या मादीला देताना दिसला, तर दिवस वसूल.

सँडल नकोत. उतरायच्या जागेचा लाव्हा निसरडा, आणि पुढचा आआ (खडबडीत, धारदार) लाव्हा हात टेकला तरी कापतो.

स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघत पोहणं, सोडू नका, पण विषुववृत्त जवळ म्हणून पाणी कोमट समजू नका. खालून वर येणाऱ्या क्रॉमवेल प्रवाहामुळे जून ते नोव्हेंबरमध्ये ते २० अंशांखालीही जातं. ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) तेव्हा पुरत नाही, ५ चा मागा आणि पहिल्याच दिवशी घालून बघा. ढगळ सूटमध्ये पाणी खेळत राहिलं की जाडी कुचकामी.

परदेशी प्रौढांसाठी गालापागोस राष्ट्रीय उद्यानाची फी ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर. भाड्यात धरली आहे का ते विचारून घ्या. एका गाइडमागे १६ जणांची परवानगी आहे, पण त्या वाटेवर १६ म्हणजे गर्दीच. प्राण्यांपासून २ मीटर अंतराचा नियम आहे, आणि इग्वाना नेमका वाटेतच आडवा पसरलेला असतो. मग गाइडसकट सगळ्यांनी वळसा घालायचा.