अलास्का क्रूझ: सिअ‍ॅटलहून जाऊन-येऊन की व्हँकूवरहून एकेरी?

भारतातून आलेल्या आईबाबांना अलास्का दाखवायचं, तर जहाजाच्या नावाआधी मार्ग ठरवा. दोन्ही सफरी साधारण 7 रात्रींच्या, पण स्वभाव वेगळे.

सिअ‍ॅटलची सफर जिथून निघते तिथेच परत येते. विमानाचं तिकीट सोपं, बॅगा एकदाच उघडायच्या. मात्र बरीच जहाजं व्हँकूवर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. तिथे हेलकावे बसतात, गोळ्या जवळ ठेवा. शिवाय 1886 च्या अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या (म्हणजे परदेशात नोंदलेल्या) जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून बहुतेकदा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळचा धावता थांबा, आणि तेवढ्यासाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसाही. अनेकांना हे बुकिंगनंतर कळतं!

व्हँकूवरहून निघणारं जहाज सहसा बेटांच्या आडोशाने, शांत पाण्यातून वर सरकतं आणि अलास्कातल्या सिवर्ड किंवा व्हिटियर बंदरात सोडतं. बऱ्याच एकेरी सफरींत ग्लेशियर बे ही हिमनद्यांची खाडी असते. तिथे दिवसाला फक्त दोनच मोठ्या जहाजांना परवानगी, त्यामुळे बुकिंगआधी सफरीच्या मार्गात तिचं नाव आहे का तपासा. पुढे रेल्वेने देनाली राष्ट्रीय उद्यानापर्यंत (तिथलं शिखर 6,190 मीटर) जाता येतं. खर्च वाढतो, दोन शहरांची विमानं जुळवावी लागतात.

नातवंडांसह, सुट्टी मोजून आठवडाभर असेल तर सिअ‍ॅटल. पण आईबाबा धडधाकट असतील आणि हाताशी दहा-बारा दिवस असतील, तर मी डोळे झाकून एकेरी घेईन. खिडकीची नव्हे, बाल्कनीची खोली घ्या. बर्फाचा कडा कोसळताना आवाज ऐकायला हवा.