गर्दीतला खिसा: कॉनच्या दोन दिवसांसाठी यूपीआय लाइट कसं आहे

पुण्यात कॉमिक कॉन (कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळावा, बोलताना नुसतं ‘कॉन’) असो, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनवाल्यांचा मेळावा असो की एखाद्या कॉलेजातला कॉस्प्लेचा, म्हणजे आवडत्या पात्राच्या पोशाखात यायचा, दिवस, खर्चाची चाल सगळीकडे एकच असते. शंभराचे स्टिकर, दीडशेचा बॅज, तीनशेचं प्रिंट, पाण्याची बाटली, वडापाव. रकमा लहान, पण दिवसभरात वीस-पंचवीस वेळा, आणि दर वेळी मागे माणसं खेटून उभी. साध्या यूपीआयमध्ये त्या प्रत्येक वेळी सहसा पिन टाकावा लागतो, आणि त्या पिनच्या मागे तुमचं पगाराचं किंवा घरखर्चाचं अख्खं खातं असतं. बहुतेक बँकांत दिवसाला एक लाखापर्यंत रक्कम त्या पिनवर निघू शकते. गर्दीत खरा धोका तो आहे.

यूपीआय लाइट म्हणजे ॲपच्या आतला एक छोटा खिसा. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तो सप्टेंबर 2022 मध्ये आणला. सुरुवातीला एका वेळी 200 रुपये आणि खिशात जास्तीत जास्त 2,000 अशी मर्यादा होती. डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती एका वेळी 1,000 आणि एकूण 5,000 केली. खिशात पैसे भरताना पिन लागतो, खर्च करताना लागत नाही. जाहिरातीत याच्या वेगाचं कौतुक असतं. कॉनला जाणाऱ्याला वेगापेक्षा दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे: गर्दी आणि बँक खातं यांच्यामध्ये हे एक कुंपण घालतं. आम्ही याला चांगला शेरा देतो तो त्या कुंपणासाठी, आणि काही अटी घालून.

घरीच भरा, आणि आदल्या रात्री

भीम, फोनपे, गूगल पे, पेटीएम या सगळ्यांत लाइट आहे. प्रोफाइलमध्ये किंवा पहिल्याच पानावर ‘यूपीआय लाइट’ दिसतं. तिथे खातं निवडायचं, रक्कम टाकायची, एकदा पिन द्यायचा, झालं. तुमची बँक यादीत आहे का ते आठवडाभर आधी पाहून ठेवा, कारण काही लहान बँकांच्या खात्यांना ही सोय दिसत नाही. शिवाय कॉनच्या आदल्या दिवशी नवा फोन घेऊन त्यावर यूपीआय चालू करू नका. नव्या नोंदणीनंतर पहिले 24 तास साधारण 5,000 रुपयांचीच मर्यादा असते, आणि एक फिगर (पात्राची छोटी मूर्ती) घ्यायची ठरवली तर ती तिथेच संपते.

रक्कम किती? 5,000 भरता येतात म्हणून भरू नका. दिवसाला 2,000 पुरतात. दुसऱ्या दिवशीचे 2,000 दुसऱ्या दिवशी सकाळी घरून निघताना भरा. मांडवात उभं राहून भरायची वेळ आली तर पुन्हा पिन, पुन्हा बँकेचा सर्व्हर, म्हणजे ज्या दोन गोष्टी टाळायच्या होत्या त्याच परत आल्या.

ॲपमध्ये ‘ऑटो टॉप-अप’ नावाची सोय असते: खिसा रिकामा होत आला की तो खात्यातून आपोआप भरतो, पिन न विचारता. रोजच्या दूध-भाजीसाठी ठीक आहे. कॉनच्या दोन दिवसांत मात्र ती बंदच हवी. ती चालू असली तर कुंपणाला फाटक ठेवून ते सताड उघडं टाकल्यासारखं आहे. फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर 2,000 जाऊन गोष्ट थांबणार नाही.

पैसे अडकतात ते कुठे

पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मैदानावरच्या बंद मांडवात दुपारी बारा ते चार या वेळेत नेटवर्क रडायला लागतं. लाइटमध्ये पैसे देताना तुमच्या बँकेच्या मुख्य सर्व्हरकडे जावं लागत नाही, म्हणून ‘बँक सर्व्हर बिझी’ या कारणाने होणारा खोळंबा बराच कमी होतो. पण इंटरनेट लागतंच. लाइट म्हणजे बिनइंटरनेटचं यूपीआय असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. इंटरनेटशिवाय चालणारा प्रकार म्हणजे यूपीआय लाइट एक्स, आणि त्याला दोन्ही फोनमध्ये एनएफसी (फोन फोनजवळ नेऊन जोडायची सोय) लागतं. आर्टिस्ट ॲलीतल्या, म्हणजे कलाकार स्वतः विकायला बसतात त्या भागातल्या, टेबलावर त्याचा भरवसा धरू नका.

मग प्रसंग असा घडतो. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पडद्यावर चक्र फिरत राहतं. ‘दादा, आवाज आला का?’ ‘नाही ताई, अजून नाही आला.’ ताई घाईत पुन्हा स्कॅन करते आणि तीनशेच्या प्रिंटचे सहाशे जातात. उपाय साधा आहे. चक्र थांबेपर्यंत दोन-तीन मिनिटं बाजूला उभं राहायचं, ॲपमधल्या इतिहासात ‘पेंडिंग’ आहे की ‘फेल’ ते बघायचं आणि बारा आकडी यूटीआरचा, म्हणजे व्यवहाराच्या क्रमांकाचा, फोटो ठेवायचा. पेंडिंग असेल तर दुसऱ्यांदा पैसे देऊ नका; वस्तू बाजूला ठेवायला सांगा आणि अर्ध्या तासाने परत या. खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला मिळालेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानदाराच्या व्यवहारात ते पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, व्यक्तीच्या खात्यावर पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेने 100 रुपये भरपाई द्यायची आहे. हा नियम फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून भरपाई कोणी मागतही नाही. ॲपमधल्या ‘तक्रार’ बटणावर यूटीआरसह नोंद करा.

परत आलेले पैसे लाइटच्या खिशात येत नाहीत, थेट बँक खात्यात जातात. मित्राने पिझ्झ्याचा वाटा पाठवला तरी तोही खात्यातच जातो. त्यामुळे ‘मिळालेत की, मग खिसा रिकामा कसा’ असा गोंधळ होतो. पासबुकातही फक्त भरलेली रक्कम दिसते, प्रत्येक स्टिकरची नोंद दिसत नाही. हिशेब हवा असेल तर तो ॲपमध्येच पाहावा लागतो.

हजाराच्या वरची वस्तू लाइटने घेता येत नाही. 1,800 ची फिगर घेताना 1,000 आणि 800 असे दोन तुकडे करता येतात, पण दुकानदाराचा हिशेब बिघडतो आणि दोनातला एक तुकडा अडकला की वाद होतो. मोठ्या खरेदीला सरळ साधं यूपीआय वापरा: रांगेतून बाहेर या, पाठ भिंतीला लावा आणि मग पिन टाका. खिसा रिकामा झाला म्हणून भर गर्दीत, डोक्यावर विग आणि हातात तलवार घेऊन पिन टाकणं ही सगळ्यात वाईट वेळ.

क्यूआर हाताने तपासा

छोट्या कलाकारांच्या टेबलावर क्यूआरचं लॅमिनेट केलेलं कार्ड उभं असतं आणि दिवसभर शेकडो हात त्यावरून जातात. वरून दुसरा स्टिकर चिकटवायला दोन सेकंद पुरतात. कार्डाच्या कडेवरून नख फिरवून बघा. लॅमिनेशनच्या वर कागदाची कड लागली तर थांबा. स्कॅन केल्यावर पैसे जाण्याआधी ॲप बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं, ते मोठ्याने वाचा. टेबलावर स्टुडिओचं नाव आणि पडद्यावर एखाद्या व्यक्तीचं, हे आर्टिस्ट ॲलीत अगदी नेहमीचं आहे. ‘हे नाव तुमचंच ना?’ एवढं विचारायचं. चांगल्या विक्रेत्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

विकणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण ती कळकळीने सांगतो. गिऱ्हाइकाने दाखवलेला हिरवा टिक हा पैसे आल्याचा पुरावा नाही. तसा पडदा दाखवणारी बनावट ॲप्स फिरत असतात. साउंडबॉक्सचा आवाज आला किंवा स्वतःच्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच प्रिंट गुंडाळून हातात द्या. दोघेजण टेबल सांभाळत असतील तर सूचना दोघांच्या फोनवर येतील अशी सोय आधीच करून ठेवा, नाहीतर एक जेवायला गेला की दुसरा अंधारात. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘जास्त गेले, परत घेण्यासाठी हे स्वीकारा’ असा निरोप आला की तो चोरच समजा.

फोन हरवला तर

लाइटची खरी कमजोरी इथे आहे. पिन नसल्यामुळे उघडा फोन ज्याच्या हातात, खिसा त्याचा. म्हणून पडद्याचं कुलूप 30 सेकंदांवर आणा, पेमेंट ॲपला वेगळं बोटाच्या ठशाचं कुलूप लावा आणि फोटो काढायला अनोळखी माणसाच्या हातात फोन देताना कुलूप न उघडता कॅमेरा चालू करून द्या. ही शेवटची सवय कॉस्प्ले करणाऱ्यांना फारच गरजेची आहे, कारण दिवसभरात त्यांचा फोन दहा जणांच्या हातातून फिरतो.

फोन गेलाच, तर आधी मित्राच्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय बंद करा, मग कंपनीला सांगून सिम बंद करा. खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच नोंद करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘लॉस्ट अँड फाउंड’ची नोंद घरबसल्या होते. पोलिसांच्या नोंदीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून फोनचा आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बंद करता येतो. *#06# दाबलं की आयएमईआय दिसतो. तो आणि बँकेचा हेल्पलाइन क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण फोनमध्ये साठवलेला क्रमांक फोनसोबतच जातो.

मुलांना पाठवणाऱ्या पालकांसाठी

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या पिनसकट फोन देऊ नका. ऑगस्ट 2024 पासून यूपीआय सर्कल आहे. तुमच्या खात्यावर मुलाचा फोन जोडायचा आणि मर्यादा घालायची: महिन्याला जास्तीत जास्त 15,000, एका वेळी 5,000. दुसऱ्या प्रकारात मुलाने मागितल्यावर प्रत्येक वेळी तुम्ही पिन टाकून मान्यता देता. ऐकायला हा प्रकार सुरक्षित वाटतो, पण तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर पोरगं टेबलापाशी ताटकळतं आणि विनंतीची मुदत संपते. दोन दिवसांच्या कॉनसाठी पहिला प्रकार घ्या आणि मर्यादा 1,500-2,000 वर आणून ठेवा.

रोख हवीच

लाइट कितीही चांगलं असलं तरी खिशात 1,000 ते 1,500 रुपये रोख असायला हवेत: शंभराच्या सात-आठ, पन्नासच्या पाच-सहा, विसाच्या आणि दहाच्या काही नोटा. पाचशेची नोट सकाळी भवानीच्या वेळी पुढे केली की टेबलावरचा माणूस अडचणीत येतो, त्याच्याकडे सुटे नसतात. नोटा दोन जागी ठेवा. परतीच्या रिक्षेचे दोनशे रुपये फोनच्या कव्हरमध्ये मात्र नको. फोन गेला तर तेही गेले.

कॉस्प्लेच्या पोशाखाला खिसा नसतो, ही तक्रार दर वर्षीची. शिवून घ्यायचाच असेल तर माप लक्षात ठेवा. पाचशेची नोट 150 मिलिमीटर लांब आणि 66 मिलिमीटर रुंद असते, एकदा दुमडली की 75 बाय 66. आजचे बरेच फोन 16-17 सेंटिमीटर लांब असतात. म्हणून सुती कापडाची 19 बाय 10 सेंटिमीटरची पिशवी, तोंडाला चेन, दोन्ही बाजूंना रुंद इलॅस्टिक, आणि ती कमरेच्या वर, चिलखताच्या किंवा कोटाच्या आत. वेल्क्रो टाळा, घामाने आणि कापडाच्या धाग्यांनी ती दुपारपर्यंत पकड सोडते. नोटा छोट्या झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून मगच आत ठेवा, फोमच्या चिलखताखाली घाम फार येतो. गळ्यात अडकवायचा पाऊच तुळशीबागेत सहज मिळतो, पण बारीक दोरीचा घेऊ नका आणि कपड्याच्या वरून घालू नका.

फोनची बॅटरी संपली की यूपीआयही संपलं. 10,000 एमएएचची पॉवर बँक पुरते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीतून घेताना मागच्या बाजूला बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहा. केबल स्वतःची वापरा. मांडवातल्या सार्वजनिक यूएसबी सॉकेटला जोडल्यावर फोनने ‘फाइल ट्रान्सफर’ विचारलं तर नकार द्या.

कॉनच्या प्रवेशाच्या पासाबद्दलही सावध राहा. ‘एक पास जास्तीचा आहे’ असा निरोप ग्रुपवर येतो आणि तोच क्यूआर पाच जणांना विकला जातो. गेटवर पहिला जो स्कॅन करेल तो आत, बाकीचे चार बाहेर. ज्याने विकला तो तिथपर्यंत थांबलेला नसतो. आयोजकांनी सांगितलेल्या तिकीट-ॲपवरच घ्या. कलाकाराकडे चित्राची ऑर्डर देताना पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. तिसरा हिस्सा किंवा फार तर निम्मी द्या आणि यूपीआयच्या ‘नोट’मध्ये काय, किती आकाराचं, कधीपर्यंत ते लिहा. पुढे वाद झाला तर ती एक ओळ कामाला येते.

कॉन संपल्यावर, रविवारी रात्री, लाइटमध्ये उरलेले पैसे खात्यात परत पाठवा किंवा लाइट बंद करा. बंद केलं की शिल्लक आपोआप खात्यात जाते. फोन विकणार असाल, सिम बदलणार असाल किंवा ॲप काढून टाकणार असाल तर हे त्याआधीच करा. नाहीतर शंभर-दोनशे रुपयांसाठी बँकेत अर्ज घेऊन उभं राहावं लागतं.