माईची लुगडी: ट्रंकेत ठेवायची की गोधडी शिवायची?

घरातली आजी गेली की मागे उरलेल्या भांड्यांचं काही अडत नाही. तांब्याचा बंब, पितळी डबे, अडकित्ता हे ज्याच्या घरात जागा असेल तो घेऊन जातो, आणि कल्हईवाला सापडला तर वापरतोही. घोडं अडतं ते लुगड्यांपाशी. नेसणारं कोणी उरलेलं नसतं आणि बोहारणीला द्यायचा विषय काढला तर घरात दोन दिवस अबोला.

आमच्या आजीची, म्हणजे माईची, नऊ लुगडी निघाली. आठ सुती आणि एक शालू. कोकण किनाऱ्यावरच्या आंजर्ल्याच्या घरात, माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत. २०१४च्या आषाढात माई गेली. त्यानंतर सहा वर्षं मी ती ट्रंकेत सांभाळली आणि मग त्यातल्या दोनांची गोधडी करून घेतली. दोन्ही करून बसलोय, म्हणून हा लेखनप्रपंच. सध्या फॅशनमध्ये असलेले बाकीचे प्रकार, म्हणजे लुगड्याचा कुर्ता, उशांचे अभ्रे, काठ कापून केलेली फ्रेम, मी विचारातही घेतले नाहीत. कोणी केले असतील तर माझं काही म्हणणं नाही. आणि शालू मुळातच या वादात नाही. रेशमाची गोधडी करू नये, ती धुता येत नाही आणि अंगावरून घसरते.

ट्रंकेचा पक्ष आमच्या आत्याचा. तिचं म्हणणं सोपं आहे: एकदा कात्री लागली की लुगडं संपलं. आज नाही तर उद्या घरातल्या एखाद्या मुलीला ते नेसावंसं वाटेल. हल्ली लग्नात मुली नऊवारी हौसेने नेसतात, पण ती शिवलेली, पायजम्यासारखी चढवायची. खरं नऊ वाराचं, ओचा आणि काष्टा घालून नेसायचं लुगडं घरात असावं, हे मलाही पटतं. फक्त माईची लुगडी रोजच्या वापरातली होती. बसायच्या जागी इतकी विरलेली, की उजेडासमोर धरलं तर पलीकडचं अंगण दिसायचं. ती नेसून कोणी खाली बसलं असतं तर फाटलीच असती. आत्याला हे मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

तरीही ठेवायचीच असतील तर एक गोष्ट आधी करा: खळ काढा. माई पेजेच्या निवळीची खळ द्यायची, तिच्या पिढीत किनाऱ्यावर घरोघर हेच चालायचं. ती चंदेरी, माशासारखी सुळकन पळणारी कसर लागते ती या खळीसाठी. तिला लुगड्याशी देणंघेणं नाही, तिला भात हवा असतो. साध्या पाण्यात दोनदा धुऊन, खळ पूर्ण काढून, कडकडीत वाळवून, मांजरपाटात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, आतली सर्द हवा आतच राहते. ट्रंक भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवरही ठेवू नका, विटांवर ठेवा. वर्षातून एकदा घडी मोडून दुसऱ्या रेघेवर घाला. रेशीम आणि जर तर घडीवरच तुटतात.

एवढं केलं की ट्रंक चांगली. पुण्यात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि चार महिने मिठाच्या बरणीत चमचा रुततो. ट्रंकेचा पत्रा आतून घामेजतो, गंजतो, आणि गंजाचा डाग कापडावर पडला की तो जन्माचा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही सगळे मुंबईत टाळेबंदीत अडकलेले. दापोलीच्या किनाऱ्यावर माडा-पोफळींची काय दशा झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या माजघरावरची कौलं उडाली. शेजारच्या काकांनी ट्रंक ओढून कोरड्यात नेली, पण मला पोचायला महिना लागला. वरच्या दोन लुगड्यांवर काळी बुरशी बसली होती. ती गेलीच. पण ते वादळाचं झालं, त्याचा दोष ट्रंकेला देत नाही.

माझा निर्णय झाला तो वासावरून.

माईला एक वास होता. चुलीचा धूर, खोबरेल, थोडा कापूर, आणि मे महिन्यात या सगळ्यावर रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, आंबूस वास. लहानपणी झोपताना मी तिचा पदर नाकाशी धरायचो. ती गेल्यावर ट्रंक भरताना आत्याने मुठीमुठीने डांबराच्या गोळ्या टाकल्या. काळजीनेच टाकल्या, तेव्हा मीही काही बोललो नाही. पुढच्या दसऱ्याला लुगड्यांना वारा द्यायला ट्रंक उघडली आणि भपकारा आला. खाणावळीत हात धुवायच्या बेसिनमध्ये ज्या गोळ्या टाकतात ना, तोच. पदर नाकाशी धरला तर डोळ्यांत पाणी आलं, आणि ते माईसाठी नव्हतं. दरवर्षी वाटायचं, गोळ्या विरून गेल्यात, आता वास जाईल. दरवर्षी आत्या नव्या टाकून जायची.

यात चिडायचं कारण असं, की सुती लुगड्यांना त्या गोळ्यांचा काही उपयोगच नव्हता. त्या ज्या पतंगाच्या अळीसाठी असतात, ती लोकर आणि रेशीम खाते. निव्वळ सूत तिला पचत नाही. म्हणजे आठ लुगड्यांतून आम्ही माईचा वास घालवला तो एका शालूसाठी. वर पुन्हा, चुलतबहिणीला बाळाच्या दुपट्यासाठी एक लुगडं देऊ म्हटलं तर तिच्या डॉक्टरीणबाईंनीच नको सांगितलं. जी-सिक्स-पीडी या एंझाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांनी कावीळ होऊ शकते, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तुमच्या ट्रंकेतून बाळासाठी काही काढणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. कडुलिंबाचा सुकवलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवली तरी चालतं. ती अधूनमधून बदलावी लागते इतकंच.

मग गोधडी.

हिशोब असा आहे: नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार थर केले की दोन मीटर लांबी मिळते. पन्हा सव्वा वाराचा, म्हणजे एका लुगड्यात एका माणसापुरती अरुंद गोधडी होते. मी दोन लुगडी शेजारी शेजारी जोडून दोघांना पुरेल अशी करून घेतली. किनाऱ्यावर चार थर भरपूर झाले, पहाटे तीनला अंगावर ओढायची तेवढंच तिचं काम. घाटावरचे लोक सहा-आठ थर घालतात, त्यांची थंडी त्यांना ठाऊक. दोन्ही लुगडी शुद्ध सुती आहेत ना, एवढं पाहा. टेरिकॉटची भेसळ झाली की एक थर आटतो, दुसरा आटत नाही, आणि गोधडीला फोड येतात. लाल काठ असेल तर ओला पांढरा फडका चोळून रंग सुटतोय का तेही बघा.

मशीनवर शिवू नका, असं मी आग्रहाने सांगेन. मशीनचा टाका दाट पडतो आणि गोधडी सतरंजीसारखी ताठ होते. हाताचा धावदोरा, कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत जाणारा, त्याने कापड मऊच राहतं. आमच्या वाडीतल्या एक बाई शिवतात. विरलेलं कापड बघून त्या खूश झाल्या. सुई लोण्यात गेल्यासारखी जाते म्हणाल्या. नव्या कापडाला बोटं सोलतात.

एका लुगड्याच्या मधोमध एक डाग होता. जांभळट-तपकिरी, तळहाताएवढा. माई रातांबे ओच्यात गोळा करायची आणि त्यातला एखादा फुटायचाच. आमसुलं घालायच्या दिवसांत तिचं एकही लुगडं स्वच्छ नसे. बाईंनी विचारलं, हा आतल्या थरात घालू का? मी म्हटलं वर येऊ दे, पायाशी नको, उशाकडे.

आता वासाचं. शिवायला देण्याआधी लुगडी आठ दिवस पडवीत दोरीवर टाकली, सावलीत, कारण उन्हात रंग उडतो. डांबर गेलं. पण माईचा वास परत आला असं मी म्हणणार नाही, तो सहा वर्षांपूर्वीच गेला होता. हातात आला तो फक्त मऊपणा. मला तेवढा पुरला, तुम्हाला पुरेलच असं नाही.

गोधडीची कटकटही सांगून टाकतो. भिजली की दोघांनी मिळून पिळावी लागते. पावसाळ्यात ती वाळत नाही म्हणजे नाहीच, तीन-तीन दिवस पडवीत लोंबते आणि कुबट वास मारते, म्हणून जून ते सप्टेंबर धूतच नाही. मुलं तिच्यावर चहा सांडतात. विरलेलं कापड आणखी विरतंय, दोन ठिकाणी ठिगळ लावून झालंय. दहा-पंधरा वर्षांत ती संपेल, हे दिसतंच आहे. आत्याकडची दोन लुगडी तेव्हाही तिच्या पुण्याच्या कपाटात तशीच असतील, आणि तेव्हा ती मला ते ऐकवेल.

पण ट्रंक वर्षातून एकदा उघडायची, तीही नाक मुरडत. गोधडी रोज रात्री निघते. माझ्या धाकट्या मुलाने माईला पाहिलेलं नाही. तो त्या डागाला ‘माईचं कोकम’ म्हणतो आणि झोपताना बोट त्याच्या कडेने फिरवत बसतो. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही.

तुमचं घर घाटावर असेल, लुगडी धडकी असतील, आणि वर्षाकाठी घड्या मोडणारं माणूस घरात असेल, तर खुशाल ट्रंक. किनाऱ्यावर असाल आणि लुगडी वापरून विरलेली असतील, तर माझ्या मते फार दिवस थांबू नये. फक्त शिवायला पावसाळ्यात देऊ नका, दोरा आणि कापड दोन्ही सर्द असतात, आणि शिवणाऱ्या बायका लावणीत असतात. भात झोडून झालं की त्यांचे हात मोकळे होतात. उरलेली दोन लुगडी मी तेव्हाच देणार आहे. आत्याला अजून सांगितलेलं नाही.