लोकरीचा वास आला, म्हणून घेतलं

मागच्या जानेवारीत ठाण्याच्या नौपाड्यात एका हॉलमध्ये लोकरी कपड्यांचा सेल लागला होता. तिथे मी २,७०० रुपयांना फसले. रक्कम फार मोठी नाही. पण लोकर ओळखायची परीक्षा मला येते, ही माझी घमेंड होती आणि फसवलं ते नेमकं त्याच परीक्षेने. म्हणून हे लिहितेय.

मी भरतकाम करते, त्यातही जास्त अ‍ॅप्लिक. म्हणजे एका कापडाचे आकार कापायचे, दुसऱ्यावर टाचायचे आणि कडेने ब्लँकेट टाका घालायचा. सुती कापडाची कड आत दुमडावी लागते, नाहीतर ती उसवते. लोकरी कापडाचं तसं नाही. गरम पाण्यात घुसळून आटवलं की त्याचे तंतू एकमेकांत गुंततात, आणि मग चिमणीची चोचसुद्धा कात्रीने सरळ कापून लावता येते. अडचण एवढीच की असं साधं, रंगीत, पातळ लोकरी कापड मला ठाण्यात कधी सहज मिळालेलं नाही. जांभळी नाक्यावर विचारावं तर समोर शाल येते, किंवा सुटाचं टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली लोकर. घोंगडी खरी लोकरीची, पण तिच्यातून गुलाबाची पाकळी कोण कापणार!

वाघबीळच्या एका बाईंनी चार उशांचे अभ्रे आणि भिंतीवर लावायचा एक पट सांगितला होता. त्यामुळे सेलमध्ये शेंदरी, शेवाळी आणि मोरपिशी थान दिसल्यावर मी निम्मी तिथेच विरघळले. ४५० रुपये मीटर. "प्यूर वूल मॅडम, लुधियाना का माल." मी म्हटलं, जाळून दाखवा. तो तयारच होता. थानाच्या कापलेल्या टोकातून त्याने एक धागा ओढला आणि लायटर लावला. धागा आक्रसला, केस जळल्यासारखा वास आला, लायटर बाजूला घेताच विझला. उरलेली राख बोटांत चुरडली तर काळी भुकटी. "खुद सूंघ लो." सुंघलं. तिन्ही रंगांचं दोन-दोन मीटर घेतलं, पैसे त्याने सांगितलेल्या नंबरवर यूपीआयने पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वेगळा पडेल. मी "राहू दे" म्हटलं. हा मूर्खपणा पूर्णपणे माझा.

घरी मीटरभर शेंदरी तुकडा कढत पाण्यात मशीनमध्ये टाकला, घुसळण चांगली व्हावी म्हणून सोबत दोन जुन्या जीन्स. बाहेर काढून टेप लावली तर ५८ इंचांची रुंदी ५१ झालेली आणि लांबी तसूभरही कमी नाही. एक पान कापून पाहिलं, कडेला मांजराच्या मिशांसारखे धागे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून आधी आडवा धागा जाळला: अस्सल लोकर. मग उभा. तो वितळला, काळा धूर सोडला, आणि टोकाला नखानेही न फुटणारी टणक गोळी राहिली. ताणा, म्हणजे उभे धागे, कृत्रिम; बाणा, म्हणजे आडवे, लोकरीचा. त्याने माझ्यासमोर बाण्यातला धागा ओढला होता. म्हणजे परीक्षेत खोटं काही नव्हतं, फक्त ती अर्ध्या कापडाची होती.

खात्री करायची म्हणून एक चौकोनी तुकडा काचेच्या वाटीत क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. (खिडकी उघडी ठेवा, आणि त्यात दुसरं काहीही मिसळू नका.) लोकर ब्लीचमध्ये विरघळते, पॉलिस्टर, अ‍ॅक्रिलिक, सूत तसंच राहतं. सकाळी वाटीत कापड नव्हतंच, नुसते उभे धागे एकमेकांशेजारी तरंगत होते, कंगव्याच्या दातांसारखे. रेशीमही असंच विरघळतं, पण ४५० रुपयांत रेशमाची भीती नाही.

आणखी एक प्रकार याहून वाईट. त्यात एकाच धाग्यात लोकर आणि कृत्रिम तंतू मिसळून कातलेले असतात. जाळलं तर वास केसांचाच येणार, कारण लोकर आहेच. म्हणून नाकावर जाऊ नका, राख चुरडा. बोटांना खडे लागले की भेसळ. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तुम्ही स्वतः ओढा, आणि जे कापड पिशवीत जाणार त्याच थानातून ओढा. मिलच्या कापडाच्या किनारीवर बहुधा काय किती टक्के आहे ते छापलेलं असतं. माझ्या थानांच्या किनारी कापून टाकलेल्या होत्या, आणि मला ते खटकलंसुद्धा नाही. लोकरीची खात्री देणारं वूलमार्कचं चिन्ह १९६४ पासून आहे, पण शुद्ध लोकरीचं वेगळं आणि मिश्रणाचं वेगळं असतं, तेव्हा नुसता लोकरीच्या गुंड्यासारखा शिक्का बघून खूश होऊ नका.

विक्रेत्याचा फोन तिसऱ्या दिवसापासून बंद. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, पहिलाच प्रश्न: बिल आहे का?

ऑर्डर शेवटी जुन्या कोटांवर निभावली. आमच्याकडे येणाऱ्या बोहारणीला सांगून ठेवलं. तिने दीडशेला एक याप्रमाणे तीन कोट आणले. हातात घेऊन नुसतं चोळूनच ती सांगते, "हा गरम आहे ताई, हा नाही." मी तरी जाळून बघतेच, पण अजून ती चुकलेली नाही. अस्तर आणि आतली कॅनव्हास उसवायलाच एक दुपार जाते. पाठ आणि बाह्या यांतून सर्वात मोठे तुकडे निघतात, कसरीने पाडलेल्या भोकावर फूल भरायचं. फ्लॅनेल आणि ट्वीड छान आटतात. सुटाचं घट्ट पिळाचं गुळगुळीत कापड फारसं आटत नाही, आणि मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर तर आटतच नाही. तेव्हा आटलं नाही म्हणजे नकली, असंही समजू नका. रंग मात्र राखाडी, तपकिरी, काळा एवढेच मिळतात. शेंदरी फुलं मी लोकरीच्या धाग्याने भरली.

या डिसेंबरात त्याच हॉलवर पुन्हा बॅनर लागला. मुद्दाम गेले. माणसं वेगळी होती, लायटर होताच. "तो नको, हा उभा धागा काढून जाळा," म्हटलं. त्याने थान गुंडाळून मागे ठेवलं. "मॅडम, लेना है तो लो."