संग्रहालयाच्या ट्रेवरची एकतीस जेवणं

मुलीच्या बाळंतपणासाठी गेल्या वर्षी आम्ही दोघं सहा महिने लंडनला होतो. बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा लेकीनंच फर्मान काढलं, "आई, मंगळवार-गुरुवार तुम्ही आणि बाबा बाहेर पडा, मला घर शांत हवंय." बाहेर पडून जायचं कुठे, तर जिथे तिकीट नाही तिथे. तिथली मोठी राष्ट्रीय संग्रहालयं २००१ पासून फुकट आहेत. फक्त खास प्रदर्शनांना पैसे पडतात.

अडचण एकच होती. ह्यांना मधुमेह. दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, आणि भरपेट जेवलं की दोन वाजता डोळे मिटायला लागतात. म्हणून हलकं खायचं आणि संग्रहालयातच खायचं, असं ठरलं. पावत्या मी बिस्किटांच्या डब्यात जमवत गेले. परत आल्यावर मोजल्या, एकतीस भरल्या.

आधी खर्चाचं बोलते, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. सूप आणि पाव सात-आठ पौंड, स्कोन (बेकरीतला छोटा, गोडसर पाव) चारच्या आसपास, चहा साडेतीन. पौंडाला एकशे दहा रुपये धरा म्हणजे एका वाटी सूपचे आठशे रुपये होतात. पहिल्या दिवशी हे मेन्यूचा फळा वाचून दोन पावलं मागे सरले होते. पुढे आम्ही हिशेब बदलला. आत यायला पैसे लागले नाहीत, तेव्हा सूप हेच तिकीट. शिवाय बसायला खुर्ची, स्वच्छ बाथरूम आणि बाहेरच्या पावसापासून सुटका. माझ्या गुडघ्यांना विचाराल तर खुर्चीचेच आठशे रुपये वसूल.

सगळ्यात जास्त वेळा, नऊदा, आम्ही साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये जेवलो. संग्रहालयात उपाहारगृह काढण्याची कल्पनाच इथली. पहिले संचालक हेन्री कोल यांचं म्हणणं असं, की दिवसभर राबणाऱ्या माणसालाही संग्रहालय बघता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी संध्याकाळी गॅसचे दिवे लावून दालनं उघडी ठेवली आणि खाण्यापिण्याची सोय केली. आज आपण ट्रे घेऊन बसतो त्या तीन खोल्या १८६०च्या दशकातल्या. मधल्या गॅम्बल रूमचे खांब आणि भिंती चिनी मातीच्या आहेत, कारण त्या धुता येतात आणि पेट घेत नाहीत. वर भिंतीच्या कडेने बायबलमधलं खाण्यापिण्याचं वचन मोठ्या अक्षरांत फिरवलंय. एका बाजूला विल्यम मॉरिस या डिझायनरची हिरवी खोली आणि दुसरीकडे पॉइंटर या चित्रकाराची निळ्या-पांढऱ्या फरशांची. तेव्हा मेन्यूसुद्धा पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्गाचे वेगवेगळे होते. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे ही माहिती त्यांना फारच आवडली.

मला मॉरिसची खोली आवडते. थोडी अंधारी आहे, पण आवाज घुमत नाही. गॅम्बल रूम दिसायला राजवाडा, पण शाळेची सहल आली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हवा बरी असेल तर ट्रे उचलून मधल्या बागेत बसा. तिथल्या उथळ पाण्यात पोरं डुंबत असतात.

तिथेच एकदा स्कोन अर्धा-अर्धा करताना ह्यांनी मला अजिंठ्याची गोष्ट सांगितली. आपल्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ अशी तेरा वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या इथे आल्या आणि १८८५च्या आगीत बऱ्याच जळाल्या. उरलेल्या याच संग्रहालयाकडे आहेत, पण दालनांमध्ये आमच्या नजरेस पडल्या नाहीत. आणखी एक गंमत सांगून लेकीला आम्ही गप्प केलं. आपलं भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम होतं. लंडनवाल्याला ते नाव मिळालं १८९९ मध्ये. तोवर तो नुसता साउथ केन्सिंग्टन म्युझियम!

आता काय घ्यायचं. सूप. एकतीसपैकी बावीस वेळा आम्ही सूपच घेतलं. गाजर-कोथिंबीर, बटाटा-लीक (लीक म्हणजे कांद्याच्या पातीसारखी भाजी), टोमॅटो, मसूर यांपैकी काहीतरी असतंच. गरम असतं, पचायला हलकं. अळणी मात्र इतकं, की तिसऱ्या आठवड्यापासून पर्समध्ये लसणाच्या चटणीची छोटी डबी आली. दुसरा नंबर जॅकेट पोटॅटोचा, म्हणजे सालासकट भाजलेला मोठा बटाटा. वर बीन्स आणि चीज. एक दोघांत पुरतो, पण ह्यांच्या साखरेला तो मानवला नाही, दोनदा घेऊन सोडला. सॅलडच्या भानगडीत पडू नका. थंडगार असतं आणि सूपपेक्षा महाग.

शाकाहारी लोकांचे हाल होतील असं आम्हाला सांगितलं होतं. झाले नाहीत. पदार्थावर तशी खूण असते आणि विचारलं तर नीट सांगतात. फक्त अगदी कडक पाळणाऱ्यांनी पार्मेझान चीज टाळावं, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं.

एकदाच जिवाला घोर लागला. एका मोठ्या संग्रहालयात (नाव नको) आम्ही एक वाजता गेलो. लांबच लांब रांग, आणि काउंटरवर एकच मुलगी. पंचवीस मिनिटांनी ह्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी रांग सोडून त्यांना जमिनीवरच बसवलं आणि पर्समधले खजूर तोंडात घातले. दहा मिनिटांत ठीक झाले, पण तेव्हापासून नियम केला की पावणेबाराला ट्रे हातात हवा. साडेबारानंतर कुठेच जायचं नाही, कितीही सुंदर छत असो. आणि खजूर कायम जवळ.

पैशांच्या दोन गोष्टी उशिरा कळल्या. थंड सँडविच बाहेर नेलं तर त्यावर व्हॅट नाही, तिथेच बसून खाल्लं तर वीस टक्के. त्यामुळे काही ठिकाणी एकाच सँडविचचे दोन भाव लिहिलेले असतात. आणि जिथे दारू विकतात तिथे नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, तसा कायदाच आहे. बाटली विकत घेऊ नका. टेबलावर येऊन वाढतात तिथे बिलात सेवेचे साडेबारा टक्के बऱ्याचदा आधीच घातलेले असतात. ते ऐच्छिक असतात, पण काढा म्हणायचं धाडस ह्यांनी एकदाही केलं नाही.

वॉलेस कलेक्शन या कलासंग्रहालयाचं काचेच्या छताखालचं अंगण देखणं आहे, पण ते आपल्या लग्नाच्या वाढदिवसासाठी. रोजचं नाही. सायन्स म्युझियममध्ये घरचा डबा खायला जागा आहे, तिथे आम्ही थालीपीठं नेली. शेजारच्या बाईंनी वास कसला म्हणून विचारलं आणि एक खाऊन बघितलं.

ट्रॅफल्गार चौकात नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयाच्या अगदी जवळ सेंट मार्टिन चर्च आहे. त्याच्या तळघरातलं उपाहारगृह संग्रहालयाचं नव्हे, पण गॅलरी बघून तिकडेच जाणारे खूप. विटांच्या कमानी, आणि पायाखालची फरशी थडग्यांच्या दगडांची. नावं, सालं सगळी वाचता येतात. मी सूप घेऊन बसले. हे पाय खुर्चीच्या दांडीवर उचलून बसले आणि म्हणाले, "लवकर आटप." सूप मात्र एकतिसांतलं सगळ्यात चांगलं होतं.

चहाबद्दल मी काही लिहीत नाही. गरम पाण्यात पिशवी आणि बाजूला गार दूध.

एप्रिलमध्ये नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा जायचंय. सामानाची यादी करायला घेतली, तर ह्यांनी सगळ्यात वर लिहिलंय: लसूण चटणी, दोन डब्या.